गोल मोजून झाले असतील तर आता ऐका

मंडळांचे अध्यक्ष, संघाचा खर्च उचलणारे भाऊ-दादा आणि रात्री अकरानंतर फोनवरून गडी ठरवणारे मॅनेजर, हे जाहीरपणे तुम्हाला लिहितो आहे. पोरांना जे सांगायचं ते आम्ही मैदानावर, तोंडावर सांगतो. तुम्ही मात्र मैदानावर बक्षीस द्यायच्या वेळेलाच येता, एरवी फ्लेक्सवर दिसता. म्हणून छापून सांगावं लागतंय.

नांदगाव खंडेश्वरच्या आसपास कापूस घरात आला की खुल्या सामन्यांचा हंगाम लागतो. आपल्याकडे कबड्डीचे फ्लेक्स जास्त आणि फुटबॉलचे कमी, हे खरं. पण रोख बक्षिसाचा आकडा वाढला तशी फुटबॉललाही तीच सवय लागली, पाहुण्या गड्याची. संघ गावाचा, जर्सी गावाची आणि गोल मारणारा पाय बाहेरून आणलेला. अमरावती, अकोला, यवतमाळ, कामठी, जिथून मिळेल तिथून. गडी बडनेऱ्याला उतरतो, कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून येतो, तीन सामने खेळतो, पाकीट घेतो आणि जातो. याला आमची हरकत नाही. सोयाबीनच्या भावाने घर चालत नाही, तेव्हा पायात खेळ असलेल्या पोराने खेळून चार पैसे कमवले तर त्यात कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

हरकत आहे ती गडी ठरवताना होणाऱ्या बोलण्याला. ते बोलणं आम्ही ऐकलं आहे आणि तुम्ही तर केलंच आहे.

"पोट्टा कडक हाय भाऊ. दोन गोल म्हणजे दोन गोल."

"मंग इतक्या कमीत कसा काय येऊन राह्यला?"

"थोडं लफडं हाय त्याचं. पोरीच्या बापानं तक्रार देल्ली होती. त्यायच्या मंडळानं काढलं त्याले. म्हणून तर आपल्याले परवडून राह्यला."

मग दोन्हीकडून हसणं, आणि सौदा पक्का.

या तीन वाक्यांत आमचं सगळं भांडण आहे. एका पोरीच्या बापाने पोलीस ठाण्याची पायरी चढून तक्रार दिली, आणि तुमच्या हिशेबात तिचा उपयोग एवढाच झाला की गड्याचा भाव उतरला. तुम्ही त्याचं वागणं तपासलं नाही असं आम्ही म्हणत नाही. तुम्ही ते नीट तपासलंत, आणि त्याच्यावर घासाघीस केलीत.

हे फक्त आपल्याच तालुक्यात होतं असंही नाही. अमेरिकेत त्यांचा जो फुटबॉल आहे, हाताने चेंडू घेऊन धावायचा, त्यात दरवर्षी कॉलेजातली पोरं व्यावसायिक संघ निवडून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. एकेक फेरी होते, चांगला गडी पहिल्या फेरीत उचलला जातो. 2010 साली अ‍ॅरॉन हर्नांडेझ नावाचा फ्लोरिडाचा गडी होता. खेळ पहिल्या-दुसऱ्या फेरीचा. पण वागण्याबद्दल कुजबुज होती, अमली पदार्थांची गोष्ट होती. म्हणून एकामागून एक संघ त्याला सोडत गेले आणि चौथ्या फेरीत, 113व्या क्रमांकावर, न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला उचललं. तेव्हा याला हुशारीची खरेदी म्हणणारे होते. 2012 साली त्याच संघाने त्याच्याशी सुमारे 4 कोटी डॉलरचा नवा करार केला, म्हणजे सौदा फळला असं सगळ्यांना वाटलं. जून 2013 मध्ये ओडिन लॉइड नावाच्या ओळखीच्या तरुणाच्या खुनाच्या गुन्ह्यात त्याला अटक झाली, आणि अटकेनंतर दोन तासांच्या आत संघाने त्याला काढून टाकल्याचं जाहीर केलं. 2015 साली जन्मठेप झाली. 2017 साली तुरुंगातच त्याने जीव दिला, तेव्हा वय 27.

त्या दोन तासांचं कौतुक पुष्कळांनी केलं. आम्हाला त्याआधीची तीन वर्षं दिसतात. चौथ्या फेरीत घेताना संघाला कुजबुज ठाऊक होती. ठाऊक होती म्हणूनच तो तेवढ्या खाली मिळाला. स्वस्तात आणलेल्या गड्याच्या मागे कोणी उभं राहायचं, त्याला कोणाच्या संगतीतून सोडवायचं, याची जबाबदारी त्या किमतीत धरली होती का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तुमच्या पाकिटातही ती धरलेली नसते.

तुम्ही शेतकऱ्याची पोरं आहात, तेव्हा एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगावी लागू नये. तळेगाव दशासरचा शंकरपट पाहिलेला माणूस बैल घेताना दात पाहतो, चाल पाहतो, आणि न चुकता विचारतो की मारका तर नाही? मारका बैल पटात कितीही पळत असला तरी ज्याच्या अंगणात लेकरं खेळतात तो माणूस त्याला दावणीला बांधत नाही, आणि 'मारका आहे म्हणून दहा हजार कमी द्या' असं म्हणणाऱ्याला बाजारात लोक खुळा म्हणतात. हा व्यवहार बैलाच्या बाबतीत तुम्ही बरोबर करता.

आता तुमच्या नेहमीच्या उत्तराकडे येतो. "आम्ही पण काढतो ना गड्यांना. मागच्या साली दोघांले काढलं." काढलंत, खरं आहे. कधी काढलंत ते आठवा. ज्याचा गुडघा गेला त्याला काढलंत. ज्याने उपांत्य सामन्यात पेनल्टी बाहेर मारली त्याला काढलंत, आणि मग गावभर सांगत फिरलात की तो पिऊन यायचा, त्याची वागणूक बरी नव्हती. तो तर पहिल्या सामन्यापासून पिऊन येत होता. गोल होत होते तोवर वास आला नाही. गड्याचे गोल बंद पडल्यावरच ज्यांना त्याचं चारित्र्य दिसायला लागतं, त्यांनी शिस्तीच्या गप्पा मारू नयेत. आम्ही एकच कसोटी धरतो: अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्या गड्याबद्दल खरी तक्रार आली, तर तुम्ही काय करता? राखीव बाकावरच्या गड्याला जो नियम, तोच त्याला लागला तर तुमच्याकडे नियम आहे असं मानू. नाही लागला, तर तुमच्याकडे फक्त निकाल आहे.

पैशाच्या भाषेत समजत असेल तर तसं सांगतो. 2022 साली क्लीव्हलँडच्या संघाने डेशॉन वॉटसन या खेळाडूशी 23 कोटी डॉलरचा, पै न पै हमीचा करार केला. त्या वेळी वीसहून अधिक बायकांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. फौजदारी आरोप ठेवले गेले नाहीत, हेही सांगायला हवं. पण लीगने स्वतः चौकशी केली, 11 सामन्यांची बंदी आणि 50 लाख डॉलरचा दंड झाला. पुढच्या तीन हंगामांत बंदी आणि दुखापती धरून तो एकूण 19 सामने खेळला. वागणूक बाजूला ठेवून फक्त खेळ विकत घेतो म्हणणाऱ्यांच्या हाती शेवटी खेळही फारसा लागला नाही.

पाहुण्या गड्याचे पैसे देणारे, जर्सीवर नाव टाकणारे कृषी केंद्रवाले, सराफ, बांधकाम साहित्याचे दुकानदार, तुमच्यासाठी ब्राझीलची गोष्ट आहे. सँटोस म्हणजे पेलेचा क्लब. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांनी रॉबिन्यो या आपल्या जुन्या लाडक्या खेळाडूला परत आणलं. 2013 साली मिलानमध्ये एका तरुणीवर झालेल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात इटलीच्या न्यायालयाने 2017 साली त्याला 9 वर्षांची शिक्षा सुनावलेली होती. अपील चालू होतं. क्लब म्हणाला, निकाल अजून अंतिम नाही. चाहत्यांतले बरेच म्हणाले, आमचाच पोरगा आहे. मग जाहिरातदार उठले. एकाने करार तोडला, इतर काहींनी तोडू म्हणून कळवलं, आणि आठवडा भरायच्या आत सँटोसने त्याचा करार स्थगित केला. जे काम न्यायाच्या नावाने झालं नाही ते जर्सीवरच्या नावांनी सहा-सात दिवसांत करून दाखवलं. पुढे 2022 साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि मार्च 2024 मध्ये तो ब्राझीलच्या तुरुंगात गेला.

म्हणून जाहिरातदारांनो, "आम्ही फक्त वर्गणी देल्ली" हे यापुढे चालणार नाही. ज्या संघाच्या छातीवर तुमच्या दुकानाचं नाव आहे त्या संघात कोण खेळतंय हे विचारायचा हक्क तुमचा आहे. तो वापरला नाहीत तर त्या नावाचं काय करायचं ते बाजाराच्या दिवशी बाया ठरवतील. सोनं आणि बियाणं दोन्ही विकत घेताना घरातल्या बाईचं मत लागतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता आमच्यावर जो आक्षेप येणार तो आम्हालाही छळतो, म्हणून त्याच्याजवळ थोडं थांबतो. "तुम्ही कोण चारित्र्य ठरवणारे? उद्या कानात डूल घातला, केस वाढवले, दुसऱ्या जातीच्या पोरीशी बोलला म्हणून काढाल." ही भीती खोटी नाही. चारित्र्य हा शब्द आपल्या गावांत पुष्कळदा दुसऱ्याच कामासाठी वापरला गेला आहे, आणि ज्याच्यामागे कोणी नाही अशा गरीब पोरावर तो आधी पडतो. म्हणून स्पष्ट लिहितो. गडी कोणाशी लग्न करतो, काय घालतो, देवळात जातो की मशिदीत की कुठेच नाही, याची चौकशी आम्ही करणार नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही. आम्ही फक्त एवढंच पाहणार आहोत की त्याच्या हातून दुसऱ्या कोणाला इजा, धाक किंवा त्रास झाला आहे का.

एवढं धरलं की बऱ्याच गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. तोंडातून वाईट शब्द गेला आणि माणसाने मान खाली घालून माफी मागितली, ती एक गोष्ट. फेब्रुवारी 2022 मध्ये देशाचा बचावपटू संदेश झिंगन सामना संपल्यावर 'बायकांशी खेळून आलो' अशा अर्थाचं बोलला, देशभर बोंब झाली, त्याने माफी मागितली. तेवढ्यावर कोणाला मैदानातून उठवा असं आम्ही म्हणणार नाही. पण आमच्या मैदानावर कोणी तसं बोललं तर मुलींच्या संघासमोर उभं राहून माफी मागावी लागेल, मोबाईलवर स्टेटस टाकून भागणार नाही.

दारूचं आणखी वेगळं. विनोद कांबळीचं नाव आपल्या महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही. 1988 साली शाळेच्या सामन्यात सचिनबरोबर 664 धावांची भागी, मग 1993 साली लागोपाठच्या दोन कसोटींत 224 आणि 227. सतरा कसोट्यांत 54 च्या वरची सरासरी, आणि शेवटची कसोटी 1995 साली, वय चोविसाच्या आत. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कात आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात तो बसलेला सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांना गलबलून आलं. गलबलायला आपल्याला फार उशीर लागतो. जो पोरगा दारूने आधी स्वतःचं नुकसान करतो आहे त्याला काढून टाकणं म्हणजे त्याला आणखी ढकलणं, हे आम्हाला कळतं. अशा पोराला आम्ही सामन्यातून बसवू, पण सरावाला बोलावू, त्याच्या घरी जाऊ.

पण मग एक विचारतो. त्याला दारू पाजतं कोण? उपांत्य सामना जिंकल्यावर यवतमाळ रोडवरच्या धाब्यावर बसवून "घे बे, आज तुह्या नावानं" म्हणत बाटली उघडणारा हात कोणाचा असतो? वीस वर्षांच्या पोट्ट्याला बक्षिसाच्या रकमेतून दोन हजार कमी देऊन वरून खंबा देणारे कोण? पाकिटातले जे पैसे त्याच्या मायच्या हाती पडायचे ते कापून तुम्ही त्याच्या घशात ओतता, आणि पुढच्या साली 'तो बेवडा निघाला' म्हणून सांगता. या हंगामात कोणत्याही संघाच्या जेवणावळीत दारू निघाली तर गड्याला काही होणार नाही. मॅनेजर बाहेर जाईल, आणि संघही.

आरोप आणि गुन्हा यांतला फरकही आम्ही विसरणार नाही. दानी आल्वेस हा ब्राझीलचा मोठा खेळाडू. जानेवारी 2023 मध्ये बार्सिलोनात अटक झाली, मेक्सिकोतल्या क्लबने लगेच करार संपवला, फेब्रुवारी 2024 मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च 2025 मध्ये वरच्या न्यायालयाने पुराव्यावर बोट ठेवून ती शिक्षा रद्द केली. असं होऊ शकतं. म्हणून कोणी कोणाच्या नावाने उगाच चिठ्ठी टाकली, दुसऱ्या मंडळाने सामना काढायसाठी आवई उठवली, तर ती आम्ही ऐकणार नाही. उलट तसं करणारं मंडळ पकडलं गेलं तर तेच बाहेर. पण पोलिसांत लेखी तक्रार असेल, गुन्हा दाखल असेल, तर निकाल लागेपर्यंत तो गडी आमच्या मैदानावर उतरणार नाही. यात त्याला गुन्हेगार ठरवलेलं नाही. मैदानावर उतरणं हा मान आहे. तो काही काळ थांबला तर अन्याय होत नाही. तक्रार देणाऱ्या मुलीने मात्र शाळेच्या भिंतीवर त्याच गड्याचा 'सामनावीर' म्हणून फोटो पाहायचा, हा अन्याय रोज होतो.

मुलींचं वेगळं सांगतो, कारण या लिखाणामागे मुख्यतः त्या आहेत. नांदगावचं नाव आज बाहेर निघतं ते धनुर्विद्येमुळे, आणि धनुष्य धरणाऱ्यांत मुली आहेत. धावणाऱ्या आहेत, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आहेत, पहाटे पाचला अंधारात मैदानावर येणाऱ्या आहेत. तुमचा पाहुणा गडी ज्या शाळेच्या खोलीत मुक्कामाला असतो ती खोली त्याच मैदानाच्या कडेला आहे. पोरी धावत असताना कट्ट्यावर बसून शिट्ट्या मारणं, मोबाईलमध्ये व्हिडिओ काढणं, नंबर मागणं. हे घडतं तेव्हा कोणी तक्रार करत नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून एक मुलगी सरावाला येत नाही. बाप म्हणतो, "राहू दे बाई, नाही पायजे आपल्याले भरती." तुमचा एक चषक घरी गेला आणि आमची एक पोलीस शिपाई शेतात निंदायला गेली. हा हिशेब कोणत्याच अहवालात येत नाही.

कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा, मग 'माहीत नव्हतं' म्हणू नका. भारतीय न्याय संहितेत कलम 75 लैंगिक छळाचं आणि 78 पाठलागाचं आहे. मोबाईलवर पुन्हा पुन्हा गाठणंही त्या दुसऱ्यात बसतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो लागतो, आणि त्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ज्याला असा गुन्हा कळला त्याने तो पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. न सांगणाऱ्याला कलम 21 खाली कैद होऊ शकते. म्हणजे रात्री पंचायतीत बसवून, बापाच्या हातात पाच हजार कोंबून, 'गावाची इज्जत' म्हणत जे मिटवता, त्यात तुम्हीच आरोपी होता. यापुढे अशी एकही बैठक झाल्याचं कळलं तर आम्ही 112 आणि 1098 दोन्ही लावणार. आधी तुम्हाला फोन येणार नाही.

आणि पदाधिकाऱ्यांनो, तुम्ही स्वतःला या यादीतून वगळू नका. मार्च 2024 मध्ये गोव्यात महिला लीगच्या सामन्यांसाठी आलेल्या हिमाचलच्या संघातल्या दोन खेळाडूंनी तक्रार केली की अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीचा एक सदस्य, जो त्यांच्या क्लबचाही कर्ताधर्ता होता, रात्री त्यांच्या खोलीत घुसला आणि त्याने मारहाण केली. म्हापसा पोलिसांनी त्याला अटक केली, महासंघाने निलंबित केलं. देशाच्या महासंघावर बसलेल्यांबद्दल अशी तक्रार होऊ शकते, तर गावच्या मंडळाच्या खजिनदाराबद्दल का नाही? मुलींच्या मुक्कामाच्या खोलीकडे संध्याकाळी सातनंतर कोणताही पुरुष पदाधिकारी जाणार नाही. कितीही वडीलधारा असो.

पंचांना हात लावण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्या राज्याने पाहिलं. शिवराज राक्षे, दोनदा किताब मारलेला मल्ल, त्याने पंचाला लाथ मारली. पंचाचा निर्णय बरोबर होता की चुकीचा हा वेगळा वाद, आणि तो वाद रास्त होता असं मला स्वतःला वाटतं. पण तीन वर्षांची बंदी झाली ती लाथेसाठी, आणि ती व्हायलाच हवी होती. आपल्याकडे पंच म्हणजे शंभर-दोनशे रुपये आणि एक श्रीफळ घेऊन दिवसभर उन्हात शिट्टी वाजवणारा शाळामास्तर. त्याच्या अंगावर गेलेला गडी, आणि त्याला 'जा, बघून घे' म्हणणारा मॅनेजर, दोघेही तीन हंगाम घरी.

मोठ्या खेळाडूच्या भोवती जे कोंडाळं जमतं त्याची भीती मला खेळाडूपेक्षा जास्त वाटते. सुशील कुमारने देशाला 2008 आणि 2012 अशी दोन ऑलिंपिक पदकं दिली. मे 2021 मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये एका तरुण मल्लाला झालेल्या मारहाणीत त्याचा जीव गेला, आणि त्या खुनाच्या गुन्ह्यात सुशील आरोपी झाला. खटला चालू आहे, निकाल न्यायालय देईल. पण आरोपपत्रातली नावं एकट्या सुशीलची नाहीत; पुष्कळ जण आहेत. पदकवाल्याच्या पाठीमागे आपण काहीही केलं तरी चालतं असं वाटणारी माणसं अशीच तयार होतात, पाचपन्नास सामन्यांत, चार-दोन भानगडी मिटवता मिटवता. आपल्या तालुक्यात ऑलिंपिकचं पदक नाही, पण कोंडाळी आहेत.

"मग पोराचं आयुष्यच संपवता काय?" नाही. परत यायची वाट आम्ही ठेवली आहे आणि ती सोपी नाही. अमेरिकेतलाच मायकेल विक, कुत्र्यांच्या झुंजी लावण्याच्या गुन्ह्यात 2007 साली तुरुंगात गेला, शिक्षा भोगली, 2009 साली परत आला, आणि लीगने त्याच्यामागे एक जुना प्रशिक्षक लक्ष ठेवायला लावून दिला होता. 2010 साली पुनरागमनाचा पुरस्कार त्याला मिळाला. म्हणजे आधी शिक्षा, मग कबुली, मग नजर ठेवणारा माणूस, आणि सगळ्यात शेवटी खेळ. तुम्ही हा क्रम उलटा लावता: आधी खेळवता, आणि बाकीचं कधीच होत नाही. आमच्याकडे यायचं असेल तर ज्याला त्रास झाला त्याची हरकत नसावी, प्रकरण कायद्याने निकाली निघालेलं असावं, आणि गावातल्या कोणीतरी नाव-सहीने सांगावं की हा पोरगा माझ्या नजरेखाली आहे. उद्या त्याने पुन्हा केलं तर सही करणाराही बाहेर. पाहू या, तुमच्यातले किती जण ज्याला 'कडक पोट्टा' म्हणता त्याच्यासाठी सही करतात.

प्रेक्षकांबद्दल एकच. मार्च 2024 मध्ये केरळात मलप्पुरमकडे सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात गड्यांच्या फुटबॉलच्या, सामन्याला पैसे देऊन आणलेल्या आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला प्रेक्षकांनी पळवून पळवून मारलं, रंगावरून शिव्या दिल्या. पाहुणा गडी प्रत्येक वेळी दोषी नसतो. कामठीहून किंवा अकोल्याहून आलेल्या पोराला त्याच्या नावावरून, जातीवरून, धर्मावरून कोणी बोललं तर सामना तिथेच थांबेल, आणि बोलणारे ज्या संघाचे समर्थक त्या संघाला हार लागेल.

अमरावतीत 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाची पोरं आपले देशी खेळ जगाला दाखवायला गेली. या जिल्ह्यात खेळाला शंभर वर्षांहून जुनी शिस्त आहे. ती मोडायचा परवाना कोणाच्या दहा हजारांच्या बक्षिसात बसत नाही.

तेव्हा आता अटी. आम्ही म्हणजे मैदानाला फक्की मारणारे, शिट्टी वाजवणारे, शाळेची खोली उघडून देणारे आणि ज्यांच्या पोरी त्या मैदानावर धावतात ते. आमच्याशिवाय तुमचा सामना होत नाही. आमच्यातल्या एकानेही मैदान आखायचं नाकारलं तर बाकीचे आखणार नाहीत, असं आपसात ठरलं आहे.

येत्या 31 डिसेंबरच्या आत प्रत्येक संघाने खेळणाऱ्या सगळ्या गड्यांची, पाहुण्यांसकट, यादी द्यायची. प्रत्येकासमोर त्याचं खरं नाव, गाव आणि मागच्या दोन हंगामांत तो कोणाकडून खेळला ते. दुसऱ्या मंडळाने काढलं असेल तर का काढलं ते मॅनेजरने स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि खाली सही करायची. 'वैयक्तिक कारण' लिहिलेलं चालणार नाही. संघाबरोबर एक बाई प्रतिनिधी असली पाहिजे, जिच्याकडे मुली थेट जाऊ शकतील, आणि तिचा मोबाईल नंबर मैदानाच्या फलकावर लागेल. यादीत खोटं निघालं तर सामना चालू असला तरी थांबवू, अंतिम असला तरी, आणि बक्षिसाची रक्कम मुलींच्या सरावाच्या साहित्याला जाईल. प्रवेश फी परत मिळणार नाही.

दोन संघांनी आत्ताच निरोप पाठवला आहे की 'आमचा मेन गडी बसत नाही, जरा सांभाळून घ्या.' त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. 31 तारखेच्या संध्याकाळी सहाला यादी बंद होईल आणि त्यांच्या जागा रिकाम्या असतील तर लॉट पाडताना दोन चिठ्ठ्या कमी टाकू. त्यानंतर कोणत्याही भाऊंचा फोन कोणीही उचलणार नाही.